ज्याच्यावाचून कुणाचं अडेल असं काम

नवरात्र उलटलं की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरायला लागतो. यंदाही पाड्यावर फराळ न्यायचा आहे, घरटी एक पाकीट द्या, मुलांना आवर्जून आणा, त्यांना कळू द्या. मग एका रविवारी सकाळी टेम्पो निघतो, मागे पाच-सहा गाड्या. पाड्यावर सतरंजी अंथरलेली असते. तिथली मुलं ओळीनं बसवलेली असतात. शहरातली मुलं पाकिटं वाटतात, फोटो निघतात आणि परतीच्या वाटेवर सगळी मंडळी कुठेतरी मिसळ खाऊन दुपारी घरी पोचतात.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो, आणि चकली पोटात गेली की गोडच लागते. पण शहरातल्या त्या मुलानं यात केलं काय? चकली घरी कुणीतरी तळली किंवा विकत आणली, पाकीट आईनं बांधलं, टेम्पोचं भाडं सोसायटीनं भरलं. मुलानं आपल्याच वयाच्या, पण खाली बसवलेल्या दुसऱ्या मुलाच्या हातात ते पाकीट ठेवलं. शिवाय टेम्पो जिथवर जातो तिथवरच फराळ जातो. डांबरी रस्त्यालगतच्या पाड्यावर दिवाळीच्या आगेमागे तीन-तीन संस्था येऊन जाऊ शकतात, आणि ओढा ओलांडून तासभर चालावं लागतं त्या पाड्याकडे कुणी फिरकत नाही.

मुलांना सुट्टीत समाजासाठी काही करायला लावायचं असेल, तर मी एकच प्रश्न विचारते. हे काम झालं नसतं तर कुणाचं काही अडलं असतं का? पोळ्या करताना मध्ये लुडबुडणाऱ्या लहानग्याच्या हाती आई उरलेल्या कणकेची लाटी देते. ती पोळी ताटात येणार नाही, हे त्याला पाचव्या वर्षापर्यंत पक्कं कळलेलं असतं. बारा-चौदा वर्षांच्या मुलांनाही आपण बऱ्याचदा तसलीच लाटी देतो, वर प्रमाणपत्रही देतो, आणि मग मुलांना समाजकार्यात रस नाही म्हणून हळहळतो.

दिवाळीच्या सुट्टीत, घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, खरोखर कुणाचं तरी अडलेलं काम असतं का? असतं. पहिलं काम तर इतकं रुक्ष आहे की समाजसेवेच्या यादीत ते कुणी धरत नाही.

दिवाळी ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, तिच्या आगेमागे एक तारीख ठरलेली असते. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कळवायचं, नाहीतर पेन्शन थांबते. केंद्राच्या निवृत्तांना वयाची ऐंशी पार केल्यावर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची सवलत आहे. कारखान्यांतून, खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेले आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पंच्याण्णवच्या योजनेत असलेले लोक तो वर्षात केव्हाही देऊ शकतात. दिल्यापासून वर्षभर चालतो. पूर्वी यासाठी बँकेत जाऊन रांगेत उभं राहावं लागे, आजही अनेक जण राहतात. २०१४च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आली. तीत बोटांचे ठसे लागत. आणि ठशांचीच पंचाईत होती. जन्मभर साच्यावर, लेथवर, वीटभट्टीवर किंवा नुसत्या भांड्यांच्या राखेत काम केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र पुनःपुन्हा नकार देतं आणि म्हातारा माणूस रुमालाला बोट पुसून पुन्हा ठेवतो. २०२१च्या नोव्हेंबरपासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. आता साध्या स्मार्टफोनवर, घरच्या खुर्चीत बसून दाखला देता येतो.

म्हणजे कागदावर देता येतो. प्रत्यक्षात दोन ॲप उतरवून घ्यायची असतात, एक चेहरा ओळखणारं आणि एक दाखल्याचं. आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक, बँक खातं, पेन्शन कोण देतं त्या कार्यालयाचं नाव, हे सगळं बिनचूक भरायचं. मोबाइलवर ओटीपी येतो, तो वेळ संपायच्या आत घालायचा. यातली एकेक पायरी पंचाहत्तरीच्या माणसाला डोंगराएवढी, आणि आठवीतल्या पोरीला चहाच्या घोटाएवढी.

हे काम कसं चालतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. चाळीची गॅलरी धरा. दुपारी चारच्या उन्हाकडे तोंड करून आजोबांना खुर्चीत बसवायचं, कारण पाठीमागून उजेड आला तर चेहरा काळा दिसतो आणि ॲप हटून बसतं. चष्मा काढायला सांगायचा. टोपीही. टोपी काढायला आजोबा का-कू करतात, तेव्हा आजीच पुढे होऊन ती उचलते. पडद्यावर गोल दिसतो, त्यात तोंड यायला हवं. 'आजोबा, डोळे मिचकवा.' आजोबा दोन्ही डोळे घट्ट मिटून बसतात. 'मिटू नका, नुसते मिचकवा.' मग ते एक डोळा मिचकवतात आणि सगळी गॅलरी हसते. कधीतरी जमतं. दाखल्याचा क्रमांक मेसेजनं येतो. तो पोरीनं वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचा, कारण मेसेज पुन्हा सापडणार नाही याची आजोबांना खात्री असते.

यात एक सावधगिरी मोठ्यांनी पाळायलाच हवी. खातं आणि आधार क्रमांक परक्या मुलाच्या फोनवर राहू नयेत. फोन ज्याचा त्याचाच वापरावा. ओटीपी वाचताना घरातलं मोठं कुणीतरी शेजारी असावं, आणि मुलांना आधीच बजावावं की बघितलेले आकडे कुठे लिहून ठेवायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत, 'झालं का' म्हणून फोटो काढून पाठवायचा नाही. ज्येष्ठांच्या पेन्शनवर डोळा ठेवून फोन करणारे ठग याच महिन्यात जोरात असतात. फोनवरून कुणीही दाखला मागत नाही, ही माहिती आळीतल्या पंधरा घरी नीट समजावून सांगणं हेही एक काम आहे, आणि त्याला ॲपसुद्धा लागत नाही.

दुसरं काम याहून अवघड आहे आणि थोड्या मोठ्या मुलांचं आहे. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो. नियमानुसार तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा असावा लागतो. दहावीची परीक्षा असेल तर नववीतला मुलगा किंवा मुलगी, पदवीची असेल तर अकरावी-बारावीतले विद्यार्थी चालतात. विद्यापीठागणिक बारीकसारीक अटी बदलतात. तासाला किमान वीस मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. महाविद्यालयांच्या पहिल्या सत्राच्या परीक्षा पुष्कळदा दिवाळीच्या पुढे-मागे येतात, तेव्हा शाळांना सुट्टी असते. लेखनिक मिळण्याची सगळ्यात चांगली वेळ हीच, आणि नेमके याच वेळी लोक गावाला गेलेले असतात. आदल्या रात्री 'जमणार नाही' असा फोन येणं, ही अंध विद्यार्थ्याची परीक्षेआधीची मोठी धास्ती असते. अभ्यास पूर्ण झालेला असतो, आणि हात नसतो.

लेखनिकाचं काम म्हणजे सुवाच्य अक्षर, असं मुलांना वाटतं. ते त्यातलं सोपं अंग. प्रश्नपत्रिका आधी सबंध वाचून दाखवायची, गुणांसकट. मग हवा तो प्रश्न पुन्हा, हळू. पर्यायी प्रश्न कुठले, 'कोणतेही तीन' कशाला लागू आहे, हे वाचनातून स्पष्ट व्हायला हवं; आपल्याला नजरेनं जे एका क्षणात कळतं, ते ऐकणाऱ्याला क्रमानंच कळतं. मग सांगितलं तेवढंच लिहायचं. परीक्षार्थीनं चुकीचं साल सांगितलं आणि तुम्हाला बरोबर साल ठाऊक आहे, तरी लिहायचं चुकीचंच. भुवई उंचावायची नाही, थबकायचं नाही, कारण थबकणं हीसुद्धा सूचना होते. तो विचार करत असेल तर पेन खाली ठेवून गप्प बसायचं, 'मग पुढे?' असं म्हणायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला, ज्याला शाळेत हात वर करून उत्तर द्यायची सवय लावलेली असते, उत्तर येत असताना चार तास तोंड मिटून बसायला लावणं सोपं नाही. म्हणून आधी सराव हवा. सुट्टीत दोन-तीन दुपारी एकत्र बसून जुने पेपर लिहून पाहिले, तर दोघांना एकमेकांची गती कळते. स्वल्पविराम सांगायचा की लेखनिकानं आपला घालायचा, हेसुद्धा ठरवावं लागतं.

ज्यांना वयामुळे लेखनिक होता येत नाही, त्यांना वाचक होता येतं. पाठ्यपुस्तकातले, संदर्भग्रंथांतले धडे मोबाइलवर वाचून, ध्वनिमुद्रित करून द्यायचे. पान क्रमांक सांगायचा, तक्ता असेल तर ओळीनं वाचायचा, भाषणस्पर्धेसारखं हेल काढून वाचायचं नाही. दिवाळीत हे काम संध्याकाळी करायचा विचारही करू नये. दर दोन वाक्यांमागे लवंगी माळ येते. जेवणानंतर दीड ते साडेतीनची वेळ बरी. त्या वेळी आख्खी आळी फराळाच्या गुंगीत असते.

फटाक्यांचा विषय निघालाच आहे, तर महाराष्ट्रातल्या मुलांनी केलेल्या एका जुन्या आणि टिकलेल्या मोहिमेची आठवण काढायला हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारानं १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. तिच्या कार्यकर्त्यांनी फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम शाळाशाळांतून नेली. मुलांनी संकल्पपत्र भरायचं आणि फटाक्यांचे वाचलेले पैसे पुस्तकांना, खेळांच्या सामानाला किंवा एखाद्या चांगल्या कामाला द्यायचे. सर्वोच्च न्यायालयानं दिवाळीतल्या फटाक्यांना रात्री आठ ते दहाची वेळ घालून दिली ती २०१८च्या ऑक्टोबरात. शाळेतली मुलं त्याच्या कितीतरी आधी कागदावर बेरीज-वजाबाकी करत होती. मला या मोहिमेत आवडतं ते हे की मुलानं आपल्या हक्काची वस्तू सोडलेली असते. बापाच्या खिशातून आलेली देणगी आणि स्वतःच्या भुईचक्राची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीचीच 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही हाकही अशीच व्यवहारी आहे. होळीत जायची पोळी गोळा करायची आणि गरजूंपर्यंत पोचवायची. त्यातही घाई असते, कारण पुरणपोळी थांबत नाही. कोरडी, तूप न लावलेली घ्यावी लागते, एकावर एक गच्च रचली तर घामेजते, आणि रात्रीत पोचली नाही तर दुसऱ्या दुपारी आंबते. ज्या मंडळानं आधी वाहन आणि माणसं ठरवली, त्याचीच पोळी खाणाऱ्याच्या हाती पडते.

फटाके न उडवणाऱ्या घरातही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी काम असतंच. रस्त्यावर पडलेले फुसके. ते गोळा करून त्यांतली दारू कागदावर काढायची आणि पेटवायची, हा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी केला आहे आणि काहींनी भुवया जाळून घेतल्या आहेत. मुलांना तो करू देऊ नये. मोठ्यांनी फुसके चिमट्यानं किंवा खराट्यानं एकत्र करून पाण्याच्या बादलीत टाकायचे आणि रात्रभर भिजू द्यायचे. नंतर ते वेगळ्या पिशवीत जावेत, रोजच्या कचऱ्यात नाही. कारण हा कचरा हातांनी वेगळा करणारी माणसं आहेत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली; तिचे सभासद आज घरोघर जाऊन कचरा घेतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून निघालेल्या फुटक्या बरण्या, बल्ब, ब्लेडी, आरशाचे तुकडे याच हातांना लागतात. इमारतीतल्या मुलांनी आठवडाभर एवढंच करावं: जिन्यात एक खोकं ठेवावं, काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधून द्या असं दारोदार सांगावं, आणि प्रत्येक पुडक्यावर लाल रंगानं मोठी फुली मारावी. 'काच आहे' असं लिहून भागत नाही, वाचता न येणाऱ्या बाईचं बोट त्यानं वाचत नाही. मग त्या ताईंना विचारावं, पुडकी कुठे ठेवली तर सोयीचं पडेल. हा प्रश्न त्यांना सहसा कुणी विचारलेला नसतो.

दारोदार जाऊन मागायचा एक वारसा आपल्याकडे आहे, आणि तो आज थोडा धुळीत गेला आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला; पुढे तो हिंगण्याला गेला आणि वाढत गेला. त्या संस्थेचा भाऊबीज निधी आजही दिवाळीच्या सुमारास पावतीपुस्तक घेऊन घरोघर गोळा होतो. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला तो माणशी एक पैसा या हिशेबानं, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिची वसतिगृहं लोकांच्या मूठमूठ धान्यावरही चालली. या सगळ्यांत रक्कम लहान होती, पावती पक्की होती आणि मागणाऱ्याला नकार पचवायची सवय होती. आजच्या मुलांना क्यूआर कोड दाखवून पैसे गोळा करायला लावणं मला धोक्याचं वाटतं, आणि तसं कुणी दारी आलं तर मीही आधी शंकाच घेईन. पण वस्तू गोळा करायला हरकत नाही, फक्त यादी आधी हवी. जवळच्या आश्रमशाळेला, वसतिगृहाला, सार्वजनिक वाचनालयाला मुलांनी स्वतः फोन करून विचारावं की काय हवं आहे. उत्तर बहुतेक वेळा कपडे असं नसतं. कंपासपेट्या, टॉर्चचे सेल, आंघोळीचे मग, कोऱ्या फुलस्केप वह्या असं काहीतरी असतं. न विचारता गोळा केलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग निवडायला मात्र तिथल्याच माणसांचे दोन दिवस जातात.

किल्ल्यांबद्दल लिहिल्याशिवाय दिवाळीच्या सुट्टीचा लेख पुरा व्हायचा नाही. पोतं, माती, हळिवाची हिरवळ आणि शिडशिडे मावळे, हे सगळं अंगणात होतंच. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात जागा दिली. जिंजी सोडली तर अकरा महाराष्ट्रात आहेत, शिवनेरी, लोहगड, राजगड, साल्हेर, पन्हाळा, सिंधुदुर्ग असे. सुट्टीत तिथे जाऊन कचरा गोळा करणारे गट वाढले आहेत आणि त्यांत मुलं असतात. चांगली गोष्ट आहे, पण दोन बाबी सांगायला हव्यात. एक, मुलांनी उचलायचा तो प्लास्टिक-बाटल्यांचा कचरा. तटातलं झुडूप उपटायचं नाही. मूळ ओढलं की चिरा हलतो. पाण्याच्या टाक्यात उतरायचं नाही, पडलेला दगड 'जागेवर' ठेवायचा नाही. संरक्षित स्मारकात असल्या कामाला पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते आणि जाणकार माणूस लागतो. दुसरी बाब कुणी बोलत नाही. गोळा केलेली पोती लोक मोठ्या अभिमानानं पायथ्याच्या गावात आणून ठेवतात आणि निघून जातात. त्या गावात रोज घंटागाडी येते असं नाही. मग गावकरी आठवड्यानं ती पोती पेटवून देतात. गडावरचा कचरा आपल्या गाडीतून, आपल्या शहरात परत न्यायचा असेल तरच तो उचलावा. गाडीत वास येतो, हे खरं आहे.

शेवटी थोडं उन्हाळ्याबद्दल, कारण मुलांच्या खऱ्या कामाचं महाराष्ट्रानं पाहिलेलं सगळ्यात मोठं उदाहरण मे महिन्यातलं आहे. पानी फाउंडेशननं २०१६ साली वॉटर कपची स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू केली. २०१९पर्यंत ती ७६ तालुक्यांत गेली. पहाटे आणि संध्याकाळी गावं श्रमदानाला निघत, आणि सुट्टी असल्यामुळे पोरंही निघत. पाट्या उचलणं हे त्यांच्या वाट्याला येतच असे. पण मला त्यांच्याजोगं वाटतं ते वेगळं काम, समपातळीच्या रेषा आखण्याचं.

डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे, तर चराची रेषा सगळीकडे एकाच उंचीवर हवी. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरतात. नाव भारी आहे, वस्तू साधी. दोन काठ्या, त्यांवर मोजपट्ट्या, आणि दोन्ही काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. गवंडी पातळी काढायला वापरतो तीच युक्ती. एक मुलगी काठी धरून एका जागी उभी राहते. दुसरा मुलगा दुसरी काठी घेऊन उतारावर वर-खाली सरकतो. दोन्ही पट्ट्यांवर पाण्याचा आकडा सारखा आला की ती जागा समान पातळीची. तिसरा तिथे फक्कीची चिमूट टाकतो आणि मग पुढची खूण. नळीत बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो, म्हणून आधी नळी झटकून बुडबुडे काढायचे. काठी तिरकी धरली, पाणी डुचमळत असतानाच आकडा वाचला, उन्हाला कंटाळून दोन खुणा अंदाजानं टाकल्या, तर रेषा ढळते. मोठी माणसं त्या फक्कीवरून कुदळी चालवतात, पोरांवर भरवसा ठेवून. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस आला की चर भरतात. रेषा एका अंगाला कलली असेल, तर पाणी त्याच टोकाला धावतं, बांध फोडतं आणि खाली माती वाहून जाते. दुसऱ्या दिवशी सगळं गाव तो चर बघायला जातं, आणि त्या दिवशी नळी कुणी धरली होती हे सगळ्यांना पाठ असतं.